दसऱ्याची अकरा मुलं

विनताच्या शाळेत मूल जुलैपासून वर्गात बसायचं, पण त्याचं नाव पटावर चढायचं ते दसऱ्याला. त्या दिवशी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, तिला झेंडू वाहायचा, आणि मग मुख्याध्यापिकेने, म्हणजे आता विनताने, सगळ्यांसमोर पोराचं नाव लिहायचं. आधी लिहिलं तर विद्या टिकत नाही, असं बायका सांगत. विनताला ते खरं वाटत नव्हतं, पण आवडायचं. तिचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत इकडे जबलपुरात आलेलं, राहायला सराफ्यामागे, आणि तिचं स्वतःचं नावही असंच लिहिलं गेलं होतं.

महाराजपुरच्या पुढच्या वस्तीतली ही सरकारी प्राथमिक शाळा. वस्ती विदर्भातून आलेल्यांची. जमीन त्यांच्या आजोबांनी दिली, भिंती बापांनी उभ्या केल्या, सरकार नंतर आलं. त्यामुळे शाळा आपली आणि सरकार पाहुणं, अशीच सगळ्यांची समजूत. पाहुणा घरमालक कधी झाला ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दिल्लीचं पोर्टल देशभरची मुलं तीस सप्टेंबरला मोजतं. दरवर्षी दसरा पुढे गेला की विनता आसपासच्या शाळांच्या संकुल कार्यालयात एक पुरवणी यादी नेऊन द्यायची, तिथले बाबू ती हातानं चढवायचे, विषय संपायचा. यंदा दसरा दोन ऑक्टोबरला होता. एकोणतीस तारखेला ती कॉम्प्युटरपुढे बसली तेव्हा पडद्यावर अठरा नावं होती. पट वीसच्या खाली गेला की शाळेवर गदा येते, एवढं तिला माहीत होतं. नाव न चढलेली अकरा मुलं शेजारच्या खोलीत पाढे म्हणत होती.

"आत्ताच भरून टाकू का काका?" तिने विठोबांना विचारलं. विठोबा शाळा समितीचे अध्यक्ष, कारखान्यातून निवृत्त झालेले, आवाज अजून भोंग्याचा.

"काहून घाई करून राहिल्या दीदी? तीन दिवसांचा तं सवाल आहे. पोरं काय पळून जाऊन राहिली? बाया नाराज होतील फुकटच्या."

विनताने कॉम्प्युटर बंद केला. विठोबांनी अडवलं असं ती पुढे सगळ्यांना सांगू शकली असती. सांगितलं नाही, कारण बंद तिने केला होता.

दसरा थाटात झाला. सगळ्यात शेवटी यशश्रीचं नाव लिहिलं. प्रणालीची पोर, सहा वर्षांची, पाटी पोटाशी धरून उभी. तीन ऑक्टोबरला विनता पुरवणी यादी घेऊन संकुलात गेली, तर बाबूंनी हात जोडले. पोर्टलला कुलूप लागलं होतं आणि किल्ली जबलपुरात कुणाकडेच नव्हती.

"वरातीमागून घोडं आणलंत मॅडम," तिथले श्रीकांत म्हणाले. ते मराठीच, म्हणून तेवढं तरी मोकळं बोलले. "पूर्वी मी करून दिलं असतं. आता माझ्याच्यानं होत नाही."

खोटं कशाला बोला, पूर्वीचा कारभारही काही सोवळा नव्हता. याच बाबूंच्या हातांनी कित्येक शाळांच्या पटावर नसलेली पोरं चढवली होती, आणि ती नसलेली पोरं वर्षानुवर्षं खिचडी खात होती. त्यावर उपाय म्हणून दिल्लीने मोजणी स्वतःकडे घेतली. आता नसलेली पोरं चढत नव्हती, आणि असलेलीही.

डिसेंबरात आदेश आला. पटसंख्या अठरा, म्हणून शाळा बायपासपलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन. विनता आणि विठोबा सिव्हिल लाइन्समध्ये अनुपम जींकडे गेले. अनुपम जी या भागाच्या शाळांचे अधिकारी. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा मागवला, दसऱ्याचे फोटो पाहिले, अकराही मुलं बोटाने मोजली.

"मैं मान रहा हूँ, बच्चे हैं," ते म्हणाले. "पर नियम दिल्ली का है, आदेश भोपाल का. मेरे तो सिर्फ़ दस्तखत हैं."

"साहेब, शाळा आमच्या बापानं बांधली," विठोबा म्हणाले.

"आपत्ति डाल दीजिए. पोर्टल पर."

विनताने घरी येऊन आक्षेप टाकायला घेतला. शाळेचा क्रमांक मागितला गेला. तिने क्रमांक घातला तर उत्तर आलं की असा क्रमांक चालू नाही. तिने तो तीनदा घातला. तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली. रागाची जागा भीतीने घेतली की माणूस भांडायचं सोडतो, तसं तिचं झालं.

जानेवारीतला पहिला सोमवार. धुकं असं की शाळेचं फाटक दिसेना. त्याला कुलूप होतं. अठरा मुलांना पलीकडे न्यायचं काम विनताचं होतं, पण फाटकाशी मुलं एकोणतीस होती.

"हिलाही न्या दीदी," प्रणाली यशश्रीला पुढे करत म्हणाली. तिला कामावर पोचायचं होतं. "घरी कोणी नाही. शाळा तं शाळा आहे ना. नाव मागाहून होत राहील."

"मी बोलते तिथं," विनता म्हणाली. नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

एकोणतीस मुलांना तिने दोन खेपांत बायपास ओलांडून नेलं. ट्रक दिसत नव्हते, आधी आवाज यायचा आणि मग एकदम दिवे. विठोबा लाल गमछा हलवत रस्त्याच्या मधोमध उभे राहिले होते. दुसरी खेप पार झाली तेव्हा विनताच्या पाठीला जानेवारीत घाम फुटला होता. विठोबांना दुधाची गाडी गाठायची होती, ते तिथूनच परत गेले.

मोठ्या शाळेच्या दारात तिथले मुख्याध्यापक शालिग्राम जी यादी घेऊन उभे होते. त्यांनी डोकी मोजली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मैडम, मेरे पास अठारह का ऑर्डर है."

"सर, उरलेली पण आपलीच आहेत. बसतील मागे."

"बैठ जाएँगे, मुझे क्या दिक्कत. पर अभी फोटो वाली हाजिरी होगी. फोटो में ग्यारह चेहरे फालतू आए तो नोटिस मुझे मिलेगा. दस मिनट बाहर रोक लीजिए. फोटो हो जाए, फिर अंदर ले लेंगे."

दहा मिनिटं म्हणजे काय मोठं. विनताने अकरा मुलांना बाहेरच्या भिंतीला टेकवून ओळीने बसवलं. यशश्रीच्या टोपीची गाठ नीट केली.

"इथून हलायचं नाही. मी आलेच."

आत एकेका मुलाचा चेहरा मोबाइलपुढे धरायचा होता. सातव्या मुलानंतर पडद्यावर चक्र फिरू लागलं. सर्व्हर दिल्लीचा, तिथे त्या वेळी साऱ्या देशाची पोरं हजेरी देत होती. शालिग्राम जी मोबाइल उंच धरून व्हरांड्यात फिरले. विनताची स्वतःची हजेरीही त्यातच अडकली होती. एकदा ती फाटकाकडे निघाली, तर ते म्हणाले, "मैडम, अब हिलिए मत, आपका चेहरा लोड हो रहा है." ती थांबली. नोकरीची तेवीस वर्षं अशी थांबण्यातच गेली होती.

पन्नास मिनिटांनी अठरावं नाव हिरवं झालं. विनता बाहेर धावली. भिंतीपाशी दहा मुलं होती.

"यशश्री कुठे?"

"दीदी, उसको प्यास लगी थी," शेजारचा वेदांग म्हणाला. "म्हणे आपल्या शाळेत नळ आहे."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की बायपासचा आवाज थांबलाय. सकाळपासूनची ट्रकांची घरघर गेली होती, आणि धुक्यात माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. ती त्या बोलण्याच्या दिशेने पळाली.

पोर जिवंत होती. डाव्या पायाकडे बघवत नव्हतं. ट्रकवाल्यानेच आपली चादर अंथरली होती. यशश्री रडत नव्हती, विनताला पाहून एवढंच म्हणाली, "दीदी, फाटक बंद होतं." कुणी तरी गाडी थांबवली. शालिग्राम जींनी दहा जणांना आत नेलं, या वेळी कुणालाही न विचारता. विनता पोरीचं डोकं मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली आणि वाटेत तिने अनुपम जींना फोन लावला. तिला मदत हवी होती, दवाखान्यात कुणी तरी सरकारी माणूस उभा हवा होता, आणि झाली ती आपली चूक आहे हे कुणाला तरी सांगायचं होतं.

"मर्जर के पहले ही दिन?" अनुपम जी दचकले. "हे भगवान. भोपाल से दिल्ली तक जवाब देना पड़ेगा. बच्ची का नाम बताइए."

तिने नाव सांगितलं. आईचं, बापाचं, जन्मतारीख, सगळं तिला पाठ होतं. पलीकडे कळफलक वाजला. मग पुन्हा वाजला. यशश्रीने डोळे मिटले होते आणि विनता तिच्या गालावर थोपटत होती.

"मैडम, यह नाम तो हमारे यहाँ है ही नहीं," अनुपम जी म्हणाले. त्यांनी सोडलेला श्वास तिला फोनमधून स्पष्ट ऐकू आला. "चलो, अच्छा हुआ."