पाणी जास्त पडलं

आमच्या ह्यांना पोरांपेक्षा काँक्रीटचं कौतुक जास्त. टेकडीतल्या बंकरचं छत ह्यांच्या देखरेखीखाली ओतलं. बंकर गुप्त आहे म्हणे. भाजीवाल्यालासुद्धा ठाऊक आहे. ठाऊक का नसणार? हे केस कापायला बसले तरी तेच पुराण लावणार. खडी कशी निवडली, पोलादाच्या बारीक तारा कशा मिसळल्या, पाणी कसं मोजून घातलं. वर म्हणणार, "बॉम्ब डोकं आपटून घेईल, पण आत शिरायचा नाही."

आमचं घर त्याच टेकडीच्या उतारावर, बंकरच्या अगदी उशाशी.

माझा भाऊ हवाई दलातून निवृत्त झालेला. विमानांना बॉम्ब लावण्यात त्याची उमर गेली. परवा आला, ह्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दाजी, छत भक्कम झालं म्हणून समोरचे काय हात चोळत बसतील? साध्या बॉम्बने भागत नाही कळलं की ते अजून मोठा आणतात. नाहीतर एकाच जागी एकामागून एक टाकत राहतात."

"आणि आजूबाजूची घरं?" मी विचारलं.

त्याने आधी आमच्या छपराकडे बघितलं, मग आतल्या खोलीकडे. सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना कूस बदलायलाही माझा हात लागतो. त्यांना घेऊन जाणार कुठे?

त्यात दुसऱ्याच दिवशी रेडिओवाले घरी येणार होते, ह्यांची मुलाखत घ्यायला. कार्यक्रम थेट, आणि सीमेपलीकडेही कान लावून ऐकतात तो. मी म्हटलं, "अहो, उद्या जरा कमी बोला. उलट काम कच्चं झालंय म्हणा. साधाच बॉम्ब आणतील मेले, तो आत शिरणार नाही. आतलेही वाचतील, आपणही."

हे ताटावरून उठले. "मी माझ्याच कामाला नावं ठेवू? जीव गेला तरी नाही." मग मीही तोंडाला येईल ते बोलले. भांडी जरा जोरातच घासली त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीत मुलाखत सुरू झाली. रेडिओवाल्या बाईंनी हसत विचारलं, "तुमच्या छतापुढे बॉम्बचं काही चालणार नाही, हो ना?"

ह्यांनी घसा खाकरला. म्हणाले, "खरं सांगू का? वरून घाई होती. पाणी जास्त पडलं. छत कच्चं राहिलंय. साध्या बॉम्बनेही भोक पडेल."

बाईंचं हसू मावळलं. मी दाराआड उभी होते. इतक्या वर्षांत ह्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही स्वतःच्या कामाविषयी.

संध्याकाळी बांधकाम कंपनीचा माणूस येऊन ह्यांचं ओळखपत्र घेऊन गेला. चौकशी होणार होती. गल्लीतले लोक ह्यांना बघून तोंड फिरवायला लागले.

आतून सासूबाईंनी हाक मारली. त्यांच्या उशाशी रेडिओ होताच. हे जवळ जाऊन बसले.

"रोजंदारीवर जाऊन शिकवलं रे तुला," त्या म्हणाल्या. "आणि तू कामात लबाडी केलीस?"

मला राहवेना. "आई, अहो ते..." म्हणत मी पुढे झाले. ह्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

"चुकलं, आई," हे म्हणाले.

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवायचा प्रयत्न केला. जमेना. मग ह्यांनीच त्यांच्या पाठीखाली हात घालून त्यांना हळूच कुशीवर वळवलं.