टाकीमागचे आजोबा

मी पत्त्याचा रकाना बोलतोय. एका कुरिअर कचेरीच्या कॉम्प्युटरात माझा मुक्काम. जागा मोजून साठ. पत्ता आखूड असला तर उरलेल्या जागा मी कोऱ्या ठेवतो, पण माझी लांबी सोडत नाही.

मला घडवणाऱ्या इंजिनिअरने पत्ते भरून पाहिले ते इंग्रजीत. ती अक्षरं सडपातळ, एकेका जागेवर बसणारी. आपली मंडळी ऐसपैस. एका अक्षराला तीन जागा, आणि काना-वेलांटी सोबत आली की तिला वेगळ्या तीन. स्वल्पविराम तेवढा बिचारा एकीत भागवतो.

एकदा काउंटरवरच्या ताईंनी टाइप केलं, 'घर नऊ, पाण्याच्या टाकीमागे'. पार्सलात एका आजोबांचं कानाचं यंत्र होतं. 'टाकी'पर्यंत अठ्ठावन्न जागा भरल्या. उरल्या दोन, आणि दारात 'म' आपल्या कान्यासकट उभा. मी त्याचा मावेल तेवढा तुकडा कोंबला, बाकीचं बाहेर टाकलं आणि हूं की चूं केलं नाही. पार्सलवरच्या चिठ्ठीवर 'टाकी'पुढे त्या तुटक्या 'म'च्या जागी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह छापलं गेलं.

पुढचं मला शेजारच्या शेऱ्याच्या रकान्याने सांगितलं. पार्सलवाला थेट टाकीवर गेला. चिठ्ठीवरचं 'कानाचं यंत्र' वाचून तिथला वॉचमन म्हणाला, "इथे मी एकटाच असतो, आणि मला चांगलं ऐकू येतं." मग पार्सलवाल्याने आजोबांना फोन लावला. "काही कळत नाही बुवा," आजोबा म्हणाले, "माझं यंत्र आलं की मग करा." आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसरी फेरी फुकट गेली की पार्सल परत जाणार होतं. आजोबा सहा महिने त्याची वाट बघत होते. मला फार लाज वाटली, पण विचारल्याशिवाय बोलायची मला सोय नाही.

शेवटी ताईंनी शेरे वाचले, हाताने भरलेला मूळ फॉर्म शोधला आणि इंजिनिअरला बोलावून घेतलं.

"साठ अक्षरं मावतात, ताई. मी स्वतः मोजलीत."

"कुणाची मोजलीस?"

तो कामाला लागला. संध्याकाळपर्यंत माझ्या साठाच्या तीनशे जागा झाल्या. तरी टाकून दिलेलं 'मागे' काही परत आलं नाही. ते ताईंनाच पुन्हा टाइप करावं लागलं. तिसऱ्या फेरीला पार्सल पोचलं.

माझं मागणं एवढंच: रकाना आखण्याआधी आपली अक्षरं त्यात बसवून बघा, आणि नाही मावली तर मला तसं सांगू द्या.

परवा आजोबांचा फोन आला. त्यांना ऐकू जावं म्हणून ताई बेंबीच्या देठापासून ओरडल्या.

"हळू बोल, पोरी," आजोबा म्हणाले. "टाकीवरचा वॉचमन खाली उतरून आलाय."