किलोमागे मिलिग्रॅम

संचालकांना औषधाचा वापर कमी करायचा नव्हता, वापराचा आकडा कमी करायचा होता. दोन्हींतला फरक त्यांना कळत नव्हता असं नाही. उलट, त्यांच्याइतका तो कुणालाच नीट कळत नव्हता.

कोंबड्यांना प्रतिजैविकं वारेमाप दिली जातात, त्यामुळे जंतू निर्ढावतात आणि पुढे माणसांवरही तीच औषधं चालेनाशी होतात, अशी ओरड बरीच वर्षं चालली होती. अखेर वरून हुकूम आला: तीन वर्षांत वापर निम्म्यावर आणा. निम्म्यावर आणायचा तर आधी तो किती आहे हे माहीत हवं. म्हणून संचालकांच्या पशुसंवर्धन खात्यातल्या डॉक्टरीणबाईला चाळीस फार्म वाटून देण्यात आले. पक्ष्यांच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम औषध गेलं, एवढंच तिने काढायचं होतं.

तिने आधी नोंदवह्या मागवल्या. वह्या इतक्या सोज्वळ होत्या की वाचताना तिला संकोच वाटला. वर्षभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत, एकाच झुकलेल्या अक्षरात. एका मालकाने एकतीस जूनलाही औषध दिलं होतं.

मग तिने प्रत्येक शेडच्या दाराशी झाकणाचं एक निळं पिंप ठेवलं. रिकाम्या बाटल्या आणि पाकिटं यात टाकायची, बाकी काही लिहायचं नाही. महिन्यातून एकदा ती जायची, ताडपत्री अंथरून पिंप उपडं करायची आणि हातमोजे घालून एकेक लेबल वाचायची. वास असा असायचा की घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय तिला जेवण जात नसे. पण पिंप खोटं बोलत नव्हतं. वह्यांत होतं त्याच्या चौपट औषध पिंपांत निघालं: किलोमागे सरासरी चौऱ्याण्णव मिलिग्रॅम. मालकांनी तोंडं वाकडी केली. एकाने तर आपल्या पिंपात शेजारचे लोक कचरा टाकतात, अशी लेखी तक्रार केली.

एकच पिंप दर महिन्याला कोरं निघायचं. ते तिच्या भाऊजींच्या फार्मवरचं होतं.

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि कोंबडीपालकांच्या संघटनेचे अध्यक्ष. सहा हजार पक्ष्यांची शेड, आणि ऑफिसात फ्रेम केलेलं ‘आदर्श फार्म’ असं प्रमाणपत्र. आपल्या पक्ष्यांना लसणाच्या पाण्याशिवाय काही लागत नाही, असं ते सभांमधून सांगत. बहिणीचं घर आहे, तिथली मोजणी दुसऱ्या कुणाला द्या, असं डॉक्टरीण संचालकांना म्हणाली होती. त्यावर ते म्हणाले होते की बरंच आहे की, चहा तरी मिळेल.

सहाव्या महिन्यात ती कोऱ्या पिंपात डोकावत असताना ताई शेडमधून बाहेर आली. तिच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या आणि बादल्यांत मेलेली पिल्लं. तिसऱ्या आठवड्यात शिंकायला लागली आणि मग पटापट पडायला लागली, असं तिने सांगितलं. भाऊजींनी गुपचूप दोन औषधं आणून पाण्यातून दिली होती, बाटल्याही दूर नेऊन टाकल्या होत्या. उपयोग शून्य. अकराशे गेली होती.

“पण एरवी तुम्ही काहीच देत नाही ना?” डॉक्टरिणीने विचारलं.

ताईने बादल्या खाली ठेवल्या. “तू बाटल्या शोधतेस. बाटली येतच नाही. खाद्यातच मिसळून येतं.”

ताईने तिला खाद्याच्या कोठीत नेलं. प्रत्येक पोत्याच्या तोंडाला शिवणीत कागदाची एक चिठ्ठी अडकवलेली असायची. पोतं उघडताना ती सुटून पडे आणि झाडूखाली जाई. अक्षर मुंगीएवढं, पण मजकूर स्पष्ट: औषधाचं नाव आणि टनाला दीडशे ग्रॅम. हे पहिल्या दिवसापासून विक्रीच्या दिवसापर्यंत, आजारी पक्ष्याला आणि ठणठणीत पक्ष्यालाही. खाद्याची मागणी ताई नोंदवायची, म्हणून दीड वर्षाच्या चिठ्ठ्या तिने दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या.

“ह्या ने,” ती म्हणाली. “कुणी विचारलं तर मी दिल्या म्हणून सांग. त्या प्रमाणपत्राची काच दर आठवड्याला मी पुसते. कंटाळा आला मला.”

डॉक्टरिणीने तीन दिवस बसून हिशेब केला. तोवरच्या हिशेबात चाळीस फार्ममध्ये सर्वांत जास्त औषध आदर्श फार्मवर जात होतं: किलोमागे दोनशे साठ मिलिग्रॅम. मग तिने बाकीच्यांकडच्या पोत्यांच्या चिठ्ठ्याही पाहिल्या आणि सगळाच आकडा वर चढला. तिने अहवाल लिहिला, चिठ्ठ्यांचे फोटो जोडले आणि तो घेऊन ती खात्याच्या समितीच्या बैठकीला गेली.

संचालकांनी अहवाल चाळला आणि खाद्य म्हणजे खाद्य, औषध नव्हे, असं सांगितलं.

“मग त्यातलं औषध कुठे धरायचं, साहेब?”

“धरायचं कशाला? आपण वापर मोजतो. कोंबडीपालक ते वापरत नाही, कोंबडी खाते.”

समितीतले सातही जण मान डोलावत होते. त्यांतल्या दोघांकडे पदव्युत्तर पदवी होती. पण संचालक एवढ्यावर थांबणारे नव्हते. औषध पोटात जातं तेव्हा पिल्लू असतं दोनशे ग्रॅमचं. ते वजन धरलं की आकडा फुगतो. तेव्हा यापुढे विक्रीच्या वेळचं वजन धरावं, सरसकट दोन किलो, असं ठरलं. मेलेल्या पिल्लांचं काय, असं डॉक्टरिणीने विचारलं, तर तीही धरा म्हणाले. अशा रीतीने ताईच्या बादलीतली अकराशे पिल्लं कागदावर धष्टपुष्ट झाली. पिंपांतून निघालेला चौऱ्याण्णवचा आकडा एका दुपारी एकतीसवर आला. तीन वर्षांचं काम, तेही चहा निवायच्या आत. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

शून्य वापराचा पुरस्कार भाऊजींना जाहीर झाला.

समारंभ खात्याच्या सभागृहात झाला. पहिल्या रांगेत संघटनेचे पदाधिकारी, मागे कोंबडीपालक, कडेला वार्ताहर. मानपत्र वाचायचं काम डॉक्टरिणीला दिलं होतं; मोजणी तिचीच ना. तिने नकार दिला, तेव्हा एका कारकुनाने ते वाचलं. भाऊजी नव्या कोटात होते. सत्कार जोडीने होता, म्हणून ताईही व्यासपीठावर होती. संचालकांना दानशूर व्हायची लहर आली आणि त्यांनी वहिनींनीही दोन शब्द बोलावेत असा आग्रह केला.

ताई उठली. माइक तिच्या उंचीला फार वर होता, तो तिने खाली ओढला.

“आमच्याकडे बाटली येत नाही हे खरं आहे,” ती म्हणाली. “औषध पोत्यातून येतं. टनाला दीडशे ग्रॅम, दीड वर्ष, रोज. गेल्या बॅचला रोग आला तेव्हा दुसरं कुठलंच औषध चाललं नाही. अकराशे पिल्लं मी स्वतः पुरली. तुम्ही ती दोन किलोची धरलीत, असं ऐकलं. माझ्या हातात तर ती मुठीएवढीच होती.”

ती खाली बसली. पालक आपापल्या बुटांकडे बघत राहिले. पोती सगळ्यांकडे तीच येत होती. भाऊजींचा चेहरा थोबाडीत बसल्यासारखा झाला होता. संचालकांनी आभार मानले आणि वहिनी फार भावुक झाल्या असं म्हणून पुढचा कार्यक्रम घेतला. डॉक्टरीण भिंतीशी उभी होती. इतके दिवस जी गोष्ट ती कागदावर नीट मांडू पाहत होती ती ताईने मिनिटभरात मांडली, याचा तिला हेवाही वाटला.

बातमी दुसऱ्या दिवशी छापून आली. चौकशी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष संचालकच. खाद्य कंपनीने मात्र ताबडतोब पावलं उचलली: पोत्यांवर चिठ्ठी शिवणं बंद केलं. डॉक्टरिणीची बदली जनावरांच्या कानाला बिल्ले मारणाऱ्या विभागात झाली. संचालक वर्षभराने बढती मिळून वर गेले आणि आकडा कसा उतरवावा यावर आता इतर खात्यांना व्याख्यानं देतात.

भाऊजी दोन महिने ताईशी बोलले नाहीत. तेवढ्या काळात तिने पुढची बॅच स्वतःच्या हिमतीवर घेतली. सहाऐवजी चार हजारच पिल्लं, बिनऔषधाचं खाद्य, दर दोन दिवसांनी भुसा उलटायचा आणि पडदे दुपारभर उघडे ठेवायचे. ओलसर कोपऱ्यांचं काय करू, हे विचारायला ती डॉक्टरिणीला फोन करायची. बॅच विकून झाली त्या दिवशीही तिचा फोन आला. किती गेली, असं डॉक्टरिणीने विचारलं.

“दोनशे दहा,” ताई म्हणाली. “आणि ऐक, तुझे भाऊजी सकाळपासून शेडमध्ये आहेत. भुसा कसा उलटायचा ते विचारत होते. मी म्हटलं, आधी कोट काढा.”