फोटोला ऊब लागते

बाळाचा पहिला फोटो मीच काढणार, असं थोरलीने धाकट्या बहिणीला आधीच बजावून ठेवलं होतं. त्यासाठी तिने हौसेने लगेच फोटो छापून देणारा कॅमेरा घेतला होता. आता तो पर्समध्ये दडवून ती इस्पितळातल्या खोलीत उभी होती. मुलगी पोटातच गेली होती.

"ताई, कॅमेरा आणलायस ना?" धाकटीने विचारलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

धाकटीच्या सासूबाई खुर्चीतून उठल्या. "अगं, असला फोटो घरात ठेवतं का कोणी? विसरायचं असतं हे."

"मला नाही विसरायचं."

धाकटीचा नवरा खिडकीतून बाहेर बघत राहिला.

थोरलीने कॅमेरा काढला. चेहरा नीट यावा म्हणून ती पाळण्यातल्या मुलीवर अगदी ओणवी झाली आणि बटण दाबलं. लख्खकन फ्लॅश पडला. फोटोत टोपी तेवढी आली; चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग. धाकटीने तोंड फिरवलं.

"माझंच चुकलं गं. फार जवळ गेले. थांब."

तिने पाळणा खिडकीपाशी ओढला. "जरा सरका, उजेड अडतोय," ती मेहुण्याला म्हणाली. तो सरकला आणि न सांगताच पडदा बाजूला धरून उभा राहिला. नर्सकडून जाळीदार पट्टीचा तुकडा घेऊन थोरलीने तो फ्लॅशवर दुमडून धरला. मग मागे सरून कोपरं अंगाशी घट्ट आवळली आणि श्वास रोखला.

कोरा कागद सरकत बाहेर आला.

"हलवू नकोस. पालथा करून छातीशी धर. एसीच्या गारठ्यात रंग धड येत नाहीत, ऊब लागते त्याला."

धाकटीने फोटो गाऊनच्या आत धरला आणि वर दोन्ही हात दाबले. बऱ्याच वेळाने तिने तो बाहेर काढला. मिटलेले डोळे, गालाला टेकलेली मूठ, सगळं स्वच्छ आलं होतं.

"ओठ काळे आलेत, ताई."

"तसेच आहेत गं. ते मला बदलता येणार नाही."

"नकोच बदलूस."

सासूबाई लांबूनच मान उंचावून बघत होत्या. मग जवळ आल्या. "कपाळ आमच्याकडचं आहे," एवढंच म्हणाल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

नर्स दारात येऊन थांबली. ती पाळण्याकडे वळणार, तोच धाकटीचा नवरा म्हणाला, "मी नेतो."

त्याने मुलीला अजून हातही लावला नव्हता. अवघडून वाकत त्याने तिला उचललं.

"मान सांभाळ रे!" सासूबाई पटकन बोलून गेल्या आणि लगेच त्यांनी पदर तोंडात कोंबला.

त्याने मानेखाली तळवा नीट धरला आणि सावकाश नर्सच्या मागे निघाला. थोरलीने दार धरलं.