पाचारणाची तारीख

अर्जाच्या तिसऱ्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून वडील म्हणाले,

"पुन्हा सांग."

मुलीने खुर्ची जरा मागे सरकवली आणि चौथ्यांदा सांगितलं. मार्चची दहा तारीख. ती नोकरी करत होती त्या हॉस्पिटलचा जिना, दुसरा मजला, दुपारचे पावणेचार. ती खिडकीशी उभी होती आणि मनात स्पष्ट शब्द उमटले, 'नोकरी सोड आणि माझं वचन शीक.' म्हणून तिला परदेशी जाऊन ईश्वरविज्ञान शिकायचं होतं. प्रवेशाच्या अर्जावर चर्चच्या मंडळीच्या चिटणीसांची सही लागत होती, आणि चिटणीस म्हणजे नेमके तिचे वडील.

त्यांची एकतीस वर्षं विमा कंपनीसाठी जळालेली दुकानं तपासण्यात गेली होती. आग लागली की लावली, एवढंच शोधायचं. खरं सांगणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो, काही विसरतो, मधेच त्याला काही आठवतं. ठरवून आलेल्याचा मात्र शब्द हलत नाही. लेकीचा एकही शब्द हलला नव्हता. 'खिडकीशी' म्हटल्यावर ती चारही वेळा श्वास घ्यायला थांबली होती.

"पासपोर्टचा अर्ज जानेवारीतला आहे," ते म्हणाले. "देवाने मार्चमध्ये सांगितलं आणि तू जानेवारीतच तयारीला लागलीस?"

"तुम्ही माझं कपाट उघडलंत?"

"मी पोचपावती पाहिली."

"मुलगी आहे ती, गोदाम नाही," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "घरातसुद्धा कसला जळका वास येतो तुम्हाला?"

त्यांना मात्र वास येतच होता. तिच्या वॉर्डातला एक डॉक्टर गेल्या वर्षी, ती शिकायला जाणार होती त्याच शहरात गेला होता. लग्नाचा विषय निघाला की ती उठून जायची. एकुलती एक लेक दूर जाणार याचं दुःख होतंच, पण देवाचं नाव पुढे करून, खोटं बोलून जाणार, हे त्यांना सोसवत नव्हतं.

"आता उलटं सांग. शेवटापासून."

रचलेली हकिगत उलटी सांगता येत नाही, हा त्यांचा हुकमी डाव होता.

"वॉर्डात परत गेले," ती म्हणाली. "त्याआधी जिन्यात होते. त्याआधी..."

ती अडकली. त्यांनी घाई केली नाही.

"जिन्यात कशाला गेली होतीस?"

"सहा नंबरच्या खाटेवरच्या आजींना चालायला शिकवत होते. त्यांनी मधेच विचारलं, मी मेल्यावर कुठे जाणार गं? मला उत्तर येत होतं, पप्पा. संडे स्कूलमध्ये मीच ते शिकवते. बोलायला लागले आणि माझाच त्यावर विश्वास बसेना. शेवटी त्यांनीच माझा हात थोपटला, म्हणाल्या, राहू दे. मग जिन्यात जाऊन उभी राहिले. वाटलं, आता तरी काही ऐकू येईल. खूप वेळ थांबले."

"आणि?"

"कुणी काही बोललं नाही. हे जानेवारीतलं. तेव्हाच ठरवलं, जिथे हे नीट विचारता येईल तिथे जायचं."

"आणि तो डॉक्टर?"

"कोण डॉक्टर?"

तिने हे इतक्या कोऱ्या चेहऱ्याने विचारलं की ते ओशाळले.

"मग मार्चचं काय?"

"अर्जात पाचारणाची, म्हणजे देवाने बोलावल्याची, तारीख विचारलीय. आपल्या मंडळीत सगळ्यांना तारीख-वार सांगून आवाज आलेला असतो. तुम्ही चर्चमध्ये देता ती साक्ष तर मला तोंडपाठ आहे. पहाटे साडेपाच, नळाशी, हातात बादली. लहानपणापासून दर वर्षी ऐकतेय, काना-मात्रेचा फरक नाही. मला वाटलं, अशीच सांगायची असते."

स्वयंपाकघरातला सुरीचा आवाज थांबला. वडिलांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा चढवला आणि पुन्हा काढून पुसला.

"सही राहू दे," मुलगी म्हणाली. "आता तुम्हाला करताही येणार नाही."

शेवटच्या पानावर प्रश्न होता, 'अर्जदाराचे पाचारण खरे असल्याची आपली खात्री आहे काय?' त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवली, पेन उघडलं, 'होय' लिहिलं आणि खाली सही केली. मग पहिल्या पानावरची मार्चची तारीख खोडली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

"जानेवारीतलं लिही."

"कुणी बोललं नाही, असंच?"

"असंच."

ती लिहीत नव्हती. त्यांच्याकडे टक लावून पाहत होती, इतका वेळ ते तिच्याकडे पाहत होते तशी. आई दारात येऊन उभी राहिली होती. आईकडे न बघता ते मुलीला हळू आवाजात म्हणाले,

"ऐकू येतं म्हणजे माणसाला नेमकं काय होतं, ते तिकडच्यांना विचार. कळलं की आधी मला कळव. मंडळीला नंतर."