कुंपणावरचं भाषण

दर रविवारी संध्याकाळी जयवंत राऊतांच्या केळीच्या वाडीत, पंपाच्या खोलीपुढे, एक जण उठायचा आणि एका शब्दाचा अर्थ सांगायचा. बसायला खताच्या रिकाम्या गोण्या, प्यायला गवती चहा घातलेला चहा. नियम मात्र कडक: शब्दाचा अर्थ तेवढा बोला, गाऱ्हाणी आणू नका. बेकरीवाल्या रुडॉल्फने ‘खमीर’ घेतला होता, तेव्हा माणसं काळोख पडला तरी उठेनात. हंसाबेननी ‘पसारा’ घेतला आणि त्यांच्या नवऱ्याला तोंड लपवायला जागा उरली नाही.

स्वप्नाचा या बैठकीत जीव होता. एम.ए. झाली, लग्न झालं, वसईतल्या नव्या इमारतीत राहायला आली. तेव्हापासून मुलाचं खाणं आणि मुलाचं झोपणं याखेरीज तिच्याशी कुणी काही बोलतच नव्हतं. इथे बोलत. पण पंपाच्या खोलीमागेच बावखल होतं, वाडीला पाणी पुरवणारं जुनं तळं, काठाला शेवाळ, चारी बाजूंनी उघडं. आणि आयुष नुकता दोन वर्षांचा झालेला, पाय फुटलेला. भाषण कुणाचंही असो, स्वप्नाचे डोळे आयुषच्या टाचांवर.

तिने जयवंतला दोनदा सांगून पाहिलं होतं.

“वहिनी, आमच्या घरातली सगळी पोरं यातच पोहायला शिकली,” तो हसून म्हणाला होता. “आणि इथे एवढी माणसं असतात. पोरावर सगळ्यांचं लक्ष असतं.”

त्या रविवारी पाळी स्वप्नाची होती. निघताना ती नवऱ्याला म्हणाली, “आज कुंपण कबूल करून घेतलं तर घेतलं. नाहीतर माझी बैठक बंद.”

“आणि नियम?” धवल म्हणाला.

“नियमातच बसवते. तू फक्त मी पदर खोचला की आयुषला उचल आणि पंपाच्या खोलीत जा. दार लावून घे. त्याला खाली सोडू नकोस, बजावून ठेवते.”

ती उभी राहिली. “माझा शब्द, कुंपण.”

“घ्या, आली गाडी बावखलावर,” जयवंत पुटपुटला. लोक हसले.

स्वप्नाही हसली. “तुमच्याकडे काय म्हणतात, हंसाबेन?”

“वाड. बोरीच्या काट्यांची.”

“आम्ही वई म्हणायचो,” जयवंतची आई सावित्रीकाकू म्हणाल्या. “जास्वंदीची, मेंदीची. माझ्या माहेरी शेराची होती, चीक डोळ्यात जाईल म्हणून गुरं काय, माणसंसुद्धा फिरकायची नाहीत!”

“काकू, तुमच्या वडिलांना जावई नको होता काय?” रुडॉल्फ म्हणाला आणि मग जो तो बोलू लागला. कुणाच्या गावचा दगडी गडगा, कुणाच्या वाडीतलं डुकरांनी मोडलेलं कुंपण, कुणाचं भावाभावात वाकडं आणणारं. बैठक रंगली. स्वप्नाने पदर खोचला. धवल उठला. ती बोलतच राहिली, गुरांवर, चोरांवर, हद्दीवर. आवाज कुठे अडखळला नाही. मग ती थांबली.

“आता एकच विचारते. आयुष कुठे आहे?”

क्षणभर कुणाला काही कळेना. मग माना वळल्या. गोण्यांवर नाही. केळींत नाही. हंसाबेनचा चहा सांडला. रुडॉल्फ तर चपला न घालताच बावखलाकडे धावला आणि त्याच्या पुढे, धोतराचा सोगा हातात धरून, जयवंत.

“आहे! बापाच्या कडेवर आहे,” स्वप्ना मोठ्याने म्हणाली. खोलीचं दार उघडलं. आयुष बिस्कीट चघळत होता.

जयवंत परत आला तो लालबुंद होऊन. “असं घाबरवतात का माणसाला?”

“चुकलं. पण मी दर रविवारी असंच घाबरते, जयवंतभाऊ. तुम्ही आज एकदाच.”

“गाऱ्हाणं आणलंत तुम्ही. नियम मोडलात.”

“अर्थच सांगितला. इथे सगळेच चांगले, सगळ्यांची माया, तरी लक्ष चुकतं. ते चुकणार हे आधीच मान्य करून माणूस जे घालतो, ते कुंपण.”

जयवंतने चेहरा पुसला आणि आईकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतोस? मी तर बाई पुरती गार झाले होते,” सावित्रीकाकू म्हणाल्या. “बांबू कुठून आणायचे ते बघ. मेंदीच्या काड्या मी देते. मेंदी वाढेपर्यंत बांबू उभे राहू देत.”

पुढच्या रविवारी कुणी भाषण केलं नाही. धवल खड्डे खणत होता, रुडॉल्फ सुंभ ओढून गाठी मारत होता, काकू काड्या रोवत होत्या. स्वप्ना आयुषला कडेवर घेऊन बावखलाभोवती फिरत होती आणि एकेक बांबू धरून हलवून बघत होती.

“हा डुगडुगतोय, जयवंतभाऊ.”

“कुठे डुगडुगतोय? तुम्हीच जोर लावताय.”

“आयुष यापेक्षा जास्त लावतो.”

जयवंतने कपाळाला हात लावला, बांबू उपटला आणि खड्डा आणखी खोल करायला घेतला.