गाळलेला ठोका

"कार्डावरचा एकही चौकोन कोरा दिसायला नको, बाई. नव्वद म्हणजे नव्वद."

डॉक्टरांचं हे बोलणं जनकाबाईला जसंच्या तसं आठवलं, कारण ते कार्ड आत्ता तिच्या ओल्या हातात होतं. भिवाजीचा सदरा भिजत घालण्याआधी तिनं सवयीनं खिसा चाचपला आणि चौघडी केलेलं कार्ड बोटांना लागलं. तिला वाचता येत नव्हतं, मोजता येत होतं. दर सुईमागे एक, अशा सह्या बेचाळीस भरल्या. क्षयावरची ही सुई सुरू झाल्यापासून ती रोज सकाळी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढत आली होती. त्या रेघा त्रेपन्न होत्या.

अकरा दिवस नवरा शेजारच्या ग्यानबाच्या बैलगाडीत बसून हट्ट्याला दवाखान्यात म्हणून जात होता, आणि सुई न घेताच परत येत होता.

ती अंगणात आली. निंबाखाली भिवाजी उकिडवा बसून एका नळीला कानस मारत होता. त्याच्या पुढ्यात ती वस्तू उभी होती, जिला गावानं अजून नाव दिलं नव्हतं. पाण्याच्या जुन्या नळ्या वाकवून केलेला सांगाडा, भंगारातल्या स्कूटरची दोन बुटकी चाकं, कापसावर औषध मारायच्या पाठीवरच्या पंपाचं इंजन. बसायला पाटाएवढी गादी, तीही गुडघ्याच्या उंचीवर. छातीत क्षय निघाल्यापासून भिवाजीला सायकलचं पायंडल मारवत नव्हतं. ग्यानबाची वांगी बाजाराला जायची अजून महिनाभर, मग त्याची गाडी हट्ट्याला जायची बंद. त्याआधी स्वतःच्या चाकांवर सुईला जाता यावं म्हणून हा सगळा खटाटोप होता. निदान जनकाबाई तसं धरून चालली होती.

"अकरा दिस कुठं जाऊन राहिले तुमी?" तिनं पाठीमागून विचारलं.

कानशीचा हात थांबला नाही.

"मी काय इचारून राहिले?"

भिवाजीनं नळीच्या तोंडावर फुंकर मारली, बोट फिरवून पाहिलं आणि पुन्हा घासायला लागला. राग आला तरी जनकाबाई आवाज चढवत नसे. ती वळसा घालून समोर गेली आणि कार्ड त्याच्या डोळ्यांपुढे धरलं.

तो दचकला. कार्डाला नव्हे, ती तिथं उभी आहे याला दचकला. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की गेले कित्येक दिवस तो तिच्या तोंडाकडे पाहूनच उत्तरं देत होता.

"कवापासून?" तिनं स्वतःच्या कानाला हात लावला.

"म्हैना झाला आसंल. सुई घेतली का कानात रातकिडे वरडायचे. आधी निजताना, मंग दिसभर. आता त्यांचाबी आवाज बारीक होऊन राहिला."

"डागतरला सांगितलं?"

"डागतर काय म्हनंल? कान मोठा का जीव मोठा म्हनंल."

"मंग हट्ट्याला जाऊन करता काय?"

"किसनसिंगच्या भंगारात बसतो. हे चाक, हा पट्टा, कुठून आला वाटतं तुला?"

जनकाबाई त्याच्यासमोर भुईवर बसली. भिवाजीनं कानस पोत्यावर ठेवली, तिच्याकडे न पाहता म्हणाला, "मी कोनाच्या मळ्यावर गेलो तर आधी पाना उचलतो का? आधी ऐकतो. साऱ्या शिवारातली इंजनं मी कानानं धड केली. मिस्तरीचे कान गेल्यावर मागं काय उरतं?"

"मानूस उरतं," ती म्हणाली.

ते त्याला दिसलं की नाही, कळलं नाही. त्यानं कानस उचलली.

दिवस मावळता मावळता त्यानंच गोष्ट काढली. गाडी होत आली होती. खोट एकच राहिली होती. इंजन चालायचं, पण मधेच एक ठोका गाळायचं; कान पार जायच्या आधी त्यानं ते ऐकून ठेवलं होतं. तेवढं निघालं की दुसऱ्याच दिवशी जाऊन सुई घेईन, म्हणाला. डॉक्टर दर गुरुवारी हट्ट्याला येतात, त्यांना कानाचंही सांगेन.

"वचन?"

"वचन. पन आवाज तू सांगायचा. तू बराबर म्हनलीस का गेलो."

"मला इंजनातलं काय कळतं?"

"कळाया नको. तुला खोटं बोलता येत न्हाई, तेवढं बास हाय."

ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला अठरा वर्षं झाली होती, आणि अंघोळ करून, तसबिरीपुढे मेणबत्ती लावून पाच शीलं म्हटल्याशिवाय जनकाबाईच्या तोंडात पाण्याचा घोट गेला नव्हता. चौथं शील खोटं न बोलण्याचं. सोयरीक जुळवणारी माणसं पोरीची चौकशी करायला तिच्या दाराशी येत, आणि पोरीकडचे लोक धास्तावून असत. ग्यानबाची बायको गोजरबाई म्हणायची, "नवं लुगडं नेसून जनकाबाईपुढून जायची सोय न्हाई बाई. कसं दिसतं म्हनून इचारलं तर सांगती!"

दुसऱ्या दिवसापासून कामाची रीत बदलली. भिवाजी खाटेवर, पान्यावर जनकाबाई. ती दोरी ओढायची, इंजन फडफडायचं, ती कान देऊन उभी राहायची, मग त्याच्याकडे तोंड करून सांगायची.

"कसं वाजतं?"

"जात्यात खडा आल्यावानी."

"गाळतं कितव्याला?"

"सात-आठ झाले का एक."

"तो पितळी इस्क्रू पाव आटा फिरव. उजवीकडं. आता?"

"आता म्हातारं मानूस शिंक आवरतं तसं."

भिवाजी हसला. हसण्याचा खोकला झाला आणि खोकला लवकर थांबला नाही.

ग्यानबा बांधावरून डोकावला. त्यानं हातवारे करत ओरडून विचारलं, "मिस्तरी, ही गाडी हाय का शेळी? बसला तर गुडघे कानाला लागतील तुझे!"

"लागू दे. कानाचा तेवढा तरी उपेग," भिवाजी म्हणाला.

प्लग घासून झाला. पेट्रोल तीनदा फडक्यातून गाळलं. जनकाबाईच्या नखांत काळं बसलं, ते शिकेकाईनंही निघेना. रोज दोनदा इंजन चालू व्हायचं, रोज दोनदा ती ऐकून सांगायची, "गाळतं." आणि प्रत्येक वेळी तिला एक गोष्ट दिसायची. ते ऐकलं की भिवाजीचे ताठलेले खांदे सैल पडत. आधी तिला वाटलं, थकवा असेल. एक गुरुवार तसाच गेला. त्या दिवशी ती खांद्यांकडे नीट पाहत राहिली आणि तिला समजलं, तो थकवा नव्हता. आजचा दिवस टळला, एवढंच होतं ते.

पुढच्या बुधवारी धुण्यात त्याच्या पंच्यावर लाल निघालं. तिनं पंचा दोनदा धुतला, पिळला, घराच्या मागच्या बाजूला वाळत घातला.

गुरुवारी सकाळी भिंतीवर त्रेसष्टावी रेघ ओढून ती तसबिरीपुढे बसली. पहिली तीन शीलं नेहमीसारखी म्हटली. चौथ्याला तिचा आवाज इतका हळू झाला की मेणबत्तीची ज्योतही हलली नाही. पाचवं म्हणून ती उठली आणि बाहेर आली.

दोन झटक्यांत इंजन लागलं. तिनं मनात मोजलं. सहा, सात, आठ. गाळला. पुन्हा मोजलं. पुन्हा गाळला.

"बराबर हाय," ती म्हणाली.

भिवाजी खाटेवर उठून बसला. "गाळत न्हाई?"

"न्हाई."

"नीट ऐक, जनका."

"ऐकलं. न्हाई गाळत."

त्याला कळावं म्हणून तोंड त्याच्याकडे करूनच बोलावं लागत होतं. त्यामुळे नजर दुसरीकडे नेता येत नव्हती. दोघं तशीच एकमेकांकडे पाहत राहिली, मधे इंजन चालत होतं.

मग भिवाजी उठला. सावकाश चालत गाडीपाशी आला, वाकला आणि पेट्रोलच्या टाकीवर त्यानं तळवा टेकवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. हात त्यानं बराच वेळ ठेवला. जनकाबाई मोजत होती. आठव्याला त्याची करंगळी किंचित उचलली गेली आणि पुन्हा टेकली. पुढच्या आठव्यालाही.

त्यानं हात काढून घेतला. पंच्याला पुसला.

"तू म्हनतीस तर बराबरच आसंल," तो म्हणाला. "सदरा दे."

तिनं सदरा आणला. खिशात कार्ड होतं, ते त्यानं एकदा वरून चाचपलं. गादीवर बसला, पट्टा ताणायचा दांडा ओढला. गाडीला हिसका बसला, मग ती चालायला लागली, माणूस झपझप चालेल त्याहून थोडी जास्त.

ग्यानबा बैल सोडत होता. गाडी पुढून गेली तसा तो मोठ्यानं ओरडला, "अरे मिस्तरी, ठोका गाळून राहिली की ही! थांब ना!"

भिवाजीनं वळून पाहिलं नाही, वेगही कमी केला नाही. कालव्याच्या पुलावरून गाडी हट्ट्याच्या रस्त्याला लागली.